घर कोणाचं? कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेतल्या बायका

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळी आपण सगळ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. काही जणींचा चतुर्थीचा उपास होता, बाकीच्यांचा नव्हता, पण खिचडीला कोणी नको म्हटलं नाही. मी त्या बशीपासूनच सुरुवात करते. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. दुपारी राजगिऱ्याचे लाडू आहेत असं स्वयंपाकघरातून कळलंय. दाण्यासाठी पिकवतात तो राजगिराही अमेरिकेतलाच. म्हणजे आपल्या उपासाच्या बशीतून तूप-जिरं बाजूला काढलं, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या एकाही पूर्वज बाईनं त्यातलं काही चाखलेलं नव्हतं. पोर्तुगीज गलबतांतून आणि नंतर आणखी वाटांनी हे सगळं आलं, आणि आपण ते इतकं आपलं केलं की देवालाही चालतं असं ठरवून टाकलं.

'बटाटा' हा शब्दही तिकडचाच. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला तसं म्हणायचे. पोर्तुगीजांच्या तोंडून तो शब्द आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. १४९२ साली कोलंबस ज्यांना पहिल्यांदा भेटला, ते हेच ताइनो. त्यांच्यात प्रमुखपद बहुधा आईच्या वंशातून जायचं, आणि बाईही प्रमुख होऊ शकायची. आजच्या हैतीच्या भागात अनाकाओना नावाची अशी एक प्रमुख होती. भावाच्या मृत्यूनंतर ती त्याच्या जागी आली. १५०३ साली स्पॅनिश गव्हर्नर ओव्हान्दो तिच्याकडे पाहुणा म्हणून आला. तिनं पाहुणचार केला. त्यानं जमलेल्या सरदारांना एका घरात कोंडून ते घर पेटवलं. तिला पकडून पुढे फाशी दिलं. 'बटाटा' मी बोलायला लागल्यापासून म्हणते आहे. अनाकाओना हे नाव मात्र तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा वाचलं.

शाळेत आपण एक ओळ शिकलो, की कोलंबसानं अमेरिकेचा शोध लावला. निघाला होता आपल्याकडे यायला, वाट चुकला, आणि समोर दिसलेल्या माणसांना आपलं नाव देऊन मोकळा झाला. मराठीत त्यांचं 'रेड इंडियन' झालं. पिसांची टोपी, घोडा आणि आरोळ्या. खरं तर घोडासुद्धा तिथे स्पॅनिश लोकांनीच नेला. त्या दोन खंडांत त्या वेळी माणसं किती होती याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण पाच-सहा कोटी हा आकडा बरेच अभ्यासक मानतात. शेकडो भाषा होत्या. शिकारीवर जगणाऱ्या टोळ्या होत्या तशी लंडनपेक्षा मोठी शहरंही होती. त्यामुळे 'अमेरिकेतली मूळनिवासी स्त्री' अशी एक कोणी नव्हतीच. मी आज त्यातल्या मोजक्या ठिकाणांबद्दलच बोलणार आहे.

आता मी या विषयाकडे वळले कशी, ते सांगते. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. एम. एस. डब्ल्यू.ला आम्हाला मानववंशशास्त्राची चार पानांची झेरॉक्स होती, तीही मी परीक्षेपुरती वाचली. तीन वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. रात्री अकरा वाजता नवऱ्यानं तिला दोन मुलांसकट बाहेर काढलं होतं. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्याच्या नावावर. त्या खोलीचे हप्ते हिनं धुण्याभांड्याच्या पैशातून बारा वर्षं भरलेले. माहेरी गेली तर भाऊ म्हणाला, चार दिवस राहा. मी तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगत होते, की घर कोणाच्याही नावावर असलं तरी राहत्या घरातून तुला असं काढता येत नाही. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "ताई, कायदा ठीकाय. पण बाईचं म्हणून घर, असं जगात कुठं कधी होतं का? का हे पहिल्यापासून असंच चालत आलंय?"

मी ठोकून दिलं, "होतं की! पूर्वी सगळीकडे मातृसत्ताच होती."

तिला बरं वाटलं असावं. अर्ज घेऊन ती गेली. मला मात्र रात्रभर चैन पडेना. पूर्वी म्हणजे कधी? सगळीकडे म्हणजे कुठे? ज्या बाईला वकिलानं, भावानं, पोलिसानं आधीच तोंडदेखलं काही ना काही सांगितलेलं होतं, तिला मीही तेच केलं होतं. म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता पहिली थांबले ती आजच्या न्यूयॉर्क राज्यात.

त्या राज्याच्या मध्य आणि पश्चिम भागात पाच जमातींचा एक संघ होता : मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा आणि सेनेका. अठराव्या शतकात टस्करोरा येऊन मिळाले आणि सहा झाल्या. फ्रेंच त्यांना इरोक्वाय म्हणायचे. ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घराचे लोक. संघ कधी झाला यावर मतभेद आहेत. कोणी बारावं शतक म्हणतं, कोणी पंधरावं-सोळावं. पण गोरे तिथे पोचले तेव्हा तो होता. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे, की आपसातल्या लढाया थांबवण्याचा निरोप घेऊन एक शांतिदूत फिरत होता, आणि तो निरोप सर्वांत आधी स्वीकारला जिगोनसासे नावाच्या बाईनं. म्हणून पुढारी निवडण्याचा मान बायकांकडे आला.

लांब घर म्हणजे खरोखरच लांब. लाकडी सांगाडा, त्यावर एल्म झाडाची साल. रुंदी सहा-सात मीटर, लांबी माणसांप्रमाणे तीस मीटर, साठ मीटर, कधी जास्तही. मधल्या बोळात चुलींची रांग आणि प्रत्येक चुलीच्या दोन बाजूंना दोन कुटुंबं. एखाद्या मुलीचं लग्न झालं की घर एका टोकाला वाढवायचं. मुलीचं म्हणते आहे, नीट ऐका. लग्नानंतर मुलगी कुठे जायची नाही, नवरा तिच्या घरी यायचा. घरात राहायच्या त्या एका आजीच्या मुली, नाती आणि त्यांची मुलंबाळं. अस्वल, लांडगा, कासव अशी त्यांची कुळं होती. आपल्याकडचं देवक आठवा. एका देवकात सोयरीक होत नाही, तसंच तिथेही एका कुळात लग्न होत नसे. फरक एवढाच की कूळ आईचं लागायचं. बाप कासव आणि आई लांडगा असेल, तर लेकरं लांडगा.

घर बायकांचं, शेत बायकांचं आणि कणगीही बायकांची. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिकं त्या एकाच आळ्यात लावायच्या, त्यांना 'तीन बहिणी' म्हणायच्या. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीत नत्र आणतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून तण येऊ देत नाहीत आणि ओल धरून ठेवतात. कुठल्याही कृषी विद्यापीठानं आज शाबासकी द्यावी अशी ही शेती. पुरुष जंगल साफ करून द्यायचे, शिकार करायचे, लढाईला आणि व्यापाराला जायचे. पण घरात शिजणाऱ्या अन्नाची किल्ली बायकांच्या कमरेला होती, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

संघाच्या मोठ्या सभेत पन्नास सरदार बसायचे. सगळे पुरुष. पण कोणत्या पुरुषानं बसायचं ते त्या त्या कुळाची वडीलधारी बाई ठरवायची, आपल्या कुळातल्या बायकांशी बोलून. आपण तिला कुळमाता म्हणू. लहानपणापासून पाहिलेला, शांत डोक्याचा, हात न उगारणारा पुरुष ती निवडायची. सरदार मनमानी करू लागला तर तिनं त्याला ताकीद द्यायची. तीन ताकिदी होऊनही ऐकलं नाही तर पद काढून घ्यायचं. सरदारकीची खूण म्हणून हरणाची शिंगं असत, त्यामुळे याला म्हणत 'शिंगं उतरवणं'. आपल्याकडे ग्रामपंचायतीत बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, असं आपण पाहतो. तिथे पुढे पुरुष दिसायचा आणि त्याची नेमणूक बाईच्या हातात असायची. लढाईचंही तसंच. लांबच्या मोहिमेला लागणारं भाजलेल्या मक्याचं पीठ आणि चामड्याची पायताणं बायका द्यायच्या. त्यांनी दिली नाहीत तर मोहीम अडायची. ठराव नाही, मोर्चा नाही, नुसती कणगी बंद.

आणि घर सोडून जायचं झालं तर? सेनेका लोकांत अनेक वर्षं राहिलेल्या अ‍ॅशर राइट नावाच्या एका मिशनऱ्यानं एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलं आहे. घरात काही आणून न टाकणाऱ्या, आळशी किंवा नकोशा झालेल्या नवऱ्याला बायका सामान उचलायला सांगायच्या. पोरं किती झाली, त्यानं घरात आजवर काय आणलं, हा प्रश्नच नसायचा. मुलं आईच्या कुळाची, ती तिथेच राहणार. आजी-मावशी मधे पडली तर त्याला राहता यायचं, एरवी तो आपल्या आईच्या लांब घरी परत.

हे वाचलं आणि मला ती दहा बाय बाराची खोली आठवली.

आता इथे एक धोक्याची सूचना. आपल्यापैकी काही जणींनी अभ्यासवर्गात एंगल्स वाचला आहे. कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि शासनसंस्था यांवरचं त्याचं १८८४ चं पुस्तक लुइस हेन्री मॉर्गनच्या १८७७ च्या ग्रंथावर उभं आहे, आणि मॉर्गनचं पहिलं मोठं काम या इरोक्वाय लोकांवरच होतं. म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या एका समाजावरून 'सगळं जग आधी असंच होतं' हा निष्कर्ष निघाला, तो फिरत फिरत आपल्या अभ्यासवर्गात आला, आणि तिथून माझ्या तोंडी. मातृवंश म्हणजे कूळ आईचं लागणं. मातृगृह म्हणजे नवरा बायकोकडे राहायला येणं. मातृसत्ता म्हणजे सत्ता बायकांची. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण भाषणात त्या सर्रास एक करतो. होडेनोशोनींत पहिल्या दोन पक्क्या होत्या. तिसरी अर्धीमुर्धी, कारण मोठ्या सभेत बाई स्वतः सरदार म्हणून बसत नव्हती. आणि ज्या बायका लढाई रोखू शकत, त्याच आपला मेलेला मुलगा भरून काढण्यासाठी कैदी आणा असंही सांगू शकत. आणलेल्या कैद्याला दत्तक घ्यायचं की मारायचं, यातही त्यांचा शब्द चालायचा. मारायचं ठरलं तर ते मरण हाल हाल करून असायचं. सत्ता हातात आलेल्या बायका मऊच असतील ही आपली समजूत तिथे टिकत नाही.

तरीही हे उदाहरण हलकं नाही. १८४८ साली अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांची हक्कांसाठीची पहिली परिषद सेनेका फॉल्स या गावी भरली. नावातच सेनेका आहे, पाहा. त्याच वर्षापर्यंत न्यूयॉर्क राज्यात लग्न झालेल्या गोऱ्या बाईची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची होत असे, आणि त्याच राज्यातली सेनेका बाई पिढ्यान्पिढ्या स्वतःचं शेत कसत आली होती. त्या चळवळीतल्या मॅटिल्डा जोस्लिन गेज आणि एलिझाबेथ केडी स्टँटन या दोघींनी हे पाहिलं होतं आणि त्यावर लिहिलंही. आपल्याला मात्र स्त्री-मुक्तीची कल्पना युरोपातून निघाली असंच शिकवलं गेलं.

पाहणारे डोळे कोणाचे, यावर बरंच काही अवलंबून असतं. ग्वाटेमालात पिएद्रास नेग्रास नावाचं माया लोकांचं एक उद्ध्वस्त शहर आहे. माया लोकांची स्वतःची लिपी होती, कालगणना होती. तिथल्या दगडी स्तंभांवर पायघोळ झग्यातल्या आकृत्या आहेत. अभ्यासक पुरुष बरीच वर्षं म्हणत आले की हे पुजारी. तातियाना प्रोस्कुरियाकॉफ ही रशियात जन्मलेली, अमेरिकेत वास्तुकला शिकलेली बाई. १९३०च्या मंदीत तिला वास्तुकलेतलं काम मिळेना म्हणून ती संग्रहालयासाठी चित्रं काढू लागली. त्यातून उत्खननावर गेली. १९६० साली तिनं दाखवून दिलं, की स्तंभांवरच्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात बसतात, म्हणजे हा देवादिकांचा नव्हे तर राजघराण्याचा इतिहास आहे. आणि ते झग्यातले 'पुजारी' म्हणजे बायका आहेत, राण्या आणि राजमाता. त्यानंतर एकेक नाव वाचता येऊ लागलं. नारान्हो नावाच्या शहरात इ. स. ६८२ मध्ये दुसऱ्या राज्यातून एक राजकन्या आली. अभ्यासक तिला 'सहा आकाश' म्हणतात. पुढे तिचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि कारभार तिनं केला. शिल्पात ती कैद्याच्या अंगावर पाय देऊन उभी आहे, अगदी पुरुष राजांसारखीच. ते पाहून मला अभिमान वाटला नाही. पण ती तिथे उभी आहे, आणि इतकी वर्षं ती कोणाला बाई म्हणून दिसलीच नव्हती.

पेरूतही असंच. तिथल्या समुद्रकाठी मोचे लोकांच्या एका मातीच्या मंदिरात एक थडगं सापडलं, २००६ साली ते जाहीर झालं. आत दोन मोठे समारंभी सोटे, भाले फेकायची वीसच्या वर साधनं, सोन्यातांब्याचे दागिने. असा ऐवज म्हणजे योद्धा-राजाच. कापडाचे थर उलगडत गेले तर आत विशी-पंचविशीची बाई, हातांवर साप आणि कोळ्यांची गोंदणं. तिला आता 'काओची राणी' म्हणतात. २०२० साली पेरूच्याच दक्षिणेकडच्या एका नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनाबद्दल लेख आला. मोठ्या शिकारीची दगडी हत्यारं पुरलेलं हे माणूस सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी होती, हे दाताच्या चाचणीतून कळलं.

हे सगळं सांगताना मला टाळ्या नको आहेत, कारण आता सांगणार आहे ते ऐकून तुम्ही गप्प व्हाल. आजच्या अमेरिकेत सेंट लुइस शहरासमोर, मिसिसिपी नदीपलीकडे काहोकिया नावाचं शहर होतं. इ. स. १०५० नंतर दीडएकशे वर्षं ते भरभराटीत होतं, दहा ते वीस हजार वस्ती होती. तिथे तीस मीटर उंचीची मातीची टेकडी माणसांनी टोपल्यांनी भरून उभी केली आहे. तिथल्याच एका छोट्या टेकडीत वीस हजार शिंपल्यांच्या मण्यांवर निजवलेलं एक मानाचं दफन आहे. आधी म्हणत दोन पुरुष. २०१६ मध्ये हाडं पुन्हा तपासल्यावर कळलं, एक पुरुष आणि एक बाई. वाचून मी खूष झाले होते. पण पान उलटलं. त्याच टेकडीत एका खड्ड्यात त्रेपन्न तरुण मुली ओळीनं पुरलेल्या आहेत, बळी दिलेल्या. सन्मानानं निजलेली ती एक बाई आणि या त्रेपन्न मुली एकाच मातीत आहेत. आपण कुठली गोष्ट सांगायची?

इंका साम्राज्यात दरवर्षी गावोगावच्या दहाएक वर्षांच्या मुली निवडून नेत. त्यांना 'निवडलेल्या' असंच म्हणत. मोठ्या बंद वाड्यात त्यांना विणायला आणि मक्याची दारू गाळायला शिकवत. त्यांच्या हातचं तलम कापड राज्याच्या तिजोरीत सोन्याइतकं मोलाचं होतं. मोठ्या झाल्या की काही देवाच्या सेवेत राहायच्या, काहींना इंका राजा आपल्या सरदारांना बक्षीस म्हणून द्यायचा. काहींचा बळी जायचा. १९९९ साली अर्जेंटिनातल्या युयायाको या ज्वालामुखीच्या माथ्यावर, साडेसहा हजार मीटरच्या वर, तीन मुलं बर्फात जशीच्या तशी सापडली. त्यातली मोठी मुलगी तेरा-पंधरा वर्षांची, मांडी घालून बसलेली, मान किंचित खाली. २०१३ मध्ये तिच्या केसांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. मरणाच्या वर्षभर आधीपासून तिचं खाणं सुधारलं होतं. शेवटच्या काही महिन्यांत कोकाची पानं आणि दारू यांचं प्रमाण वाढत गेलं होतं. केस बारीक वेण्यांत विंचरलेले आहेत. ज्यांनी आपल्यापैकी देवाला सोडलेल्या मुलींबरोबर काम केलं आहे, त्यांना मी काय म्हणते ते वेगळं सांगायला नको. मान मोठा होता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

मेक्सिकोतल्या मेशिका लोकांचं, ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो, चित्र या दोन टोकांच्या मधलं आहे. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान तळ्यातल्या बेटावर वसली होती. १५१९ साली स्पॅनिश शिरले तेव्हा तिथे दोनेक लाख वस्ती असावी. शेजारच्या त्लातेलोल्कोच्या बाजारात बायका माल विकायच्या, आणि बाजारावर देखरेख करणाऱ्यांतही बायका होत्या. जमीन आणि घर मुलीलाही मिळायचं. सोळाव्या शतकातली त्यांच्या भाषेतली मृत्युपत्रं आहेत, त्यांत बायका आपली घरं आणि शेतं वाटून देताना दिसतात. बाळंतपण म्हणजे लढाई मानायचे. मूल झालं की सुईण रणगर्जना करायची, कारण त्या बाईनं एक जीव जिंकून आणला. बाळंतपणात जी जायची तिला रणात पडलेल्या योद्ध्याचा मान. सूर्याला सकाळी मेलेले योद्धे माथ्यावर आणतात आणि दुपारी तिथून या बायका त्याला मावळतीपर्यंत पोचवतात, असं ते मानत. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. फरक लक्षात घ्या.

पण त्याच सुईणीनं मुलाची नाळ योद्ध्यांच्या हाती द्यायची, रणांगणात पुरायला. मुलीची नाळ चुलीपाशी पुरायची. मुलीच्या हाती टकळी आणि केरसुणी. आणि चूल म्हणजे तिथे पाटा. आपल्या पाट्या-वरवंट्यासारखाच, पायांवर उभा असलेला दगडी पाटा. गुडघ्यावर बसून रोज कित्येक तास मका वाटायचा. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवायचा. हे त्या बायकांचं शास्त्र होतं. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, पण बायकांची ही कृती कोणी विचारली नाही. अठराव्या शतकापासून स्पेन-इटलीत मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्रानं, कातडी सोलून निघत आणि वेड लागून मरत राहिली. कारण कळायला १९३७ साल उजाडलं. हे सगळं आपल्याला कळतं ते बरंचसं सहागून नावाच्या एका पाद्र्यामुळे. त्यानं स्थानिक लेखकांना हाताशी धरून बारा खंड तयार केले. त्याचे आभार मानू, आणि तो पाद्री होता हेही लक्षात ठेवू. राजगिऱ्याच्या पिठाच्या मूर्ती करून त्या लोक प्रसाद म्हणून खायचे. चर्चला तो आपल्या विधीचा अपमान वाटला, म्हणून त्या बंद पाडल्या. पीक मात्र टिकलं. मेक्सिकोत आज राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या करतात. दुपारचा आपला लाडू आणि ती वडी शेजारी ठेवली तर ओळखू यायची नाही. त्या वडीचं नाव आहे 'आनंद'.

हे मोडलं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण मोडायची रीत आपल्या ओळखीची आहे. साथी आल्या, बंदुका आल्या, हे तर झालंच. पण होडेनोशोनींच्या बाबतीत कागदही आला. १७९८ पासून क्वेकर लोक सेनेकांना सुधारायला आले. त्यांनी पुरुषाच्या हाती नांगर दिला आणि बाईच्या हाती चरखा. कॅनडात १८७६ चा 'इंडियन अ‍ॅक्ट' झाला. त्यात कूळ बापाचं लागू झालं. मूळनिवासी बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचं जमातीतलं स्थान जायचं, राखीव जमिनीवर राहायचा हक्क जायचा. पुरुषानं केलं तर त्याची गोरी बायको उलट जमातीत यायची. १९२४ साली सरकारनं ग्रँड रिव्हरच्या जमातींची कुळमातांनी नेमलेली सभा बरखास्त करून 'लोकशाही' निवडणुका आणल्या. त्यात बायकांना मत नव्हतं. ते मिळायला १९५१ उजाडलं. मेरी टू-अ‍ॅक्स अर्ली या मोहॉक बाईनं लग्नामुळे गेलेल्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, आणि १९८५ साली कायदा बदलला तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती. म्हणजे तिच्या मातीत पणज्यांना जे न मागता होतं, ते तिला कोर्टकचेऱ्या आणि आयोगांसमोर मागावं लागलं.

ती बाई, जिच्यापासून मी सुरुवात केली, तिची केस अजून चालू आहे. अंतरिम आदेश मिळाला, मुलं आणि ती खोलीत राहताहेत, तो मित्राकडे. मधे एका तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसलो होतो, दोन तास नंबर लागत नव्हता. मी तिला म्हटलं, मागं मी तुला सगळीकडे मातृसत्ता होती म्हणाले ते चुकीचं होतं. मग लांब घराबद्दल सांगितलं. साल, चुली, कासव-लांडगा, सगळं. ती ऐकत राहिली.

"आणि नवऱ्याला काढला की तो जायचा कुठं?"

"त्याच्या आईच्या घरी."

"आई घ्यायची?"

"तो तिच्या कुळातला ना. तिला घ्यावाच लागायचा. बहीणही तिथंच असायची."

तिनं डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. "म्हणजे त्यालापण घर होतंच की," ती म्हणाली. मग आतून पुकारा झाला आणि आम्ही उठलो. आमचं नाव नव्हतं. पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे. इथल्या कोणाला सोबतीला यायचं असेल तर साडेदहाला फाटकापाशी या.